प्रथिनाच्या स्फटिकावर झिफ-८ चं कवच: बेळगावच्या कॉलेज प्रयोगशाळेत करता येण्याजोगी पद्धत

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षातल्या माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील संकेश्वरकडच्या साखर कारखान्यात पॅनवर, म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा धरवायच्या भांड्यावर, कामाला आहेत. अंड्याच्या पांढऱ्यातल्या लायसोझाइम या प्रथिनाचे पहिले स्फटिक तिनं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि म्हणाली, "सर, हे आमच्या पप्पांच्या पॅनसारखंच की! दाणा धरेपर्यंत हात लावायचा नाही, धरला की घाई करायची नाही." त्या वर्षी मी वर्गात जे काही शिकवलं, त्याहून हे वाक्य या प्रकल्पाला जास्त उपयोगी पडलं. पुढची पद्धत बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या कॉलेजांत शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी लिहितो आहे. महागडं यंत्र हाताशी नसताना सच्छिद्र धातू-संयुग आणि प्रथिनाचा स्फटिक यांचा संकर कसा करायचा, आणि तो खरंच झाला का हे कसं तपासायचं, एवढंच यात आहे.

आधी दोन्ही पक्षांची ओळख. धातूचे आयन हे सांधे आणि सेंद्रिय रेणू हे वासे, असं धरून बांधलेली पोकळ जाळी म्हणजे धातू-सेंद्रिय चौकट, बोलीत 'मॉफ'. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळालं. झिफ-८ ही त्यातली आपल्याला परवडणारी चौकट. जस्ताचे सांधे, टू-मिथाइलइमिडॅझोलचे वासे, आणि ती साध्या पाण्यात, खोलीच्या तापमानाला तयार होते. तिच्या पोकळ्या सुमारे १.१६ नॅनोमीटरच्या, पण पोकळीत जायच्या खिडक्या जेमतेम ०.३४ नॅनोमीटरच्या. म्हणजे घर प्रशस्त आणि दार मांजराचं.

दुसरा पक्ष प्रथिनाचा स्फटिक. तो मिठाच्या खड्यासारखा भरीव नसतो. त्याच्या घनफळात साधारण तीस ते सत्तर टक्के पाणीच असतं आणि प्रथिनाच्या रेणूंमधून ते पाणी वाहायला वाटा असतात. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये अबईच्या कुळातल्या शेंगेच्या बियांतून युरिएजचे स्फटिक काढले, तेव्हा एन्झाइम म्हणजे प्रथिनच, हे पहिल्यांदा हातात धरून दाखवता आलं. त्याबद्दल १९४६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. प्रथिनाच्या स्फटिकात मांडणी अचूक असते, पण जीव नाजूक. क्षार कमी झाले की विरघळतो, सुकला की तडकतो.

या दोघांना एकत्र आणण्याचे दोन मार्ग रुळले आहेत. सॅन दिएगोच्या अकिफ तेझजान यांच्या गटानं २०१५ मध्ये प्रथिनालाच चौकटीचा सांधा केलं. फेरिटिन हे चोवीस उपघटकांचं, सुमारे १२ नॅनोमीटर व्यासाचं चेंडूसारखं प्रथिन. त्यात जनुकीय बदल करून पृष्ठभागावर जस्त बसायच्या जागा तयार केल्या आणि सेंद्रिय वाशांनी चेंडू एकमेकांना जोडले. काम देखणं आहे, पण त्याला जनुक-अभियांत्रिकीची प्रयोगशाळा लागते. त्याच वर्षी कांग लियांग, पाओलो फाल्कारो आणि ख्रिश्चन डूनन यांच्या गटानं दुसरा मार्ग दाखवला. शिंपल्याभोवती कवच धरावं तसं प्रथिनाभोवती झिफ-८ आपणहून धरतं. आपण या दुसऱ्या मार्गानं जायचं, फक्त एकट्यादुकट्या रेणूऐवजी अख्ख्या स्फटिकावर कवच चढवायचं.

खरी अडचण इथेच आहे. लायसोझाइमचा स्फटिक पीएच ४.६ ला, खारट पाण्यात सुखी असतो. झिफ-८ ला आम्ल मुळीच सोसत नाही, ते आम्लात विरघळतं. एकाचं माहेर ते दुसऱ्याचं मरण. त्यामुळे पुढची सगळी कृती म्हणजे स्फटिकाला न मोडता त्याच्या घरातून उचलून झिफच्या घरी नेऊन बसवायची, इतकीच. ज्या पायरीचं कारण कळणार नाही, तिथं हे आठवा.

आधी सराव, स्फटिकाशिवाय

थेट स्फटिकावर हात टाकू नका. बोव्हाइन सिरम अल्ब्युमिन, म्हणजे बीएसए हे गाईच्या रक्तातलं प्रथिन घेऊन झिफचा हात बसवा. २० मिलिलिटर शुद्ध पाण्यात ०.२६३ ग्रॅम टू-मिथाइलइमिडॅझोल विरघळवा, हे १६० मिलिमोलर झालं. त्यात ४० मिलिग्रॅम बीएसए घाला आणि फेस न आणता हलकेच ढवळा. दुसऱ्या भांड्यात २० मिलिलिटर पाण्यात ०.१७६ ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट, हे ४० मिलिमोलर. जस्ताचं द्रावण पहिल्यात ओता. बीएसए असलेलं भांडं लगेच दुधाळ होतं. शेजारी बीएसए न घातलेलं भांडं ठेवा, ते बराच वेळ नितळ राहतं. या दोन भांड्यांतला फरक म्हणजे या विषयाचा गाभा आहे. बीएसएच्या पृष्ठभागावर ऋण भार आहे, तो जस्ताला ओढून घेतो आणि तिथूनच चौकट धरायला लागते. रात्रभर ठेवून सेंट्रिफ्यूज करा, पाण्यानं दोनदा आणि इथेनॉलनं एकदा धुवा.

शुद्ध पाणी म्हणजे डीआयोनाइज्ड. राकसकोपचं नळाचं पाणी चहाला झकास, इथं नको. आणि फॉस्फेट बफर तर अजिबात नको. हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. प्रथिन म्हटलं की हात सवयीनं फॉस्फेटच्या बाटलीकडे जातो, माझाही गेला. द्रावण क्षणात पांढरं झालं, आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. नमुना कोल्हापूरला क्ष-किरण विवर्तनासाठी नेला, तर तो झिंक फॉस्फेट निघाला. वडाप, एसटी, जेवण, एक दिवस, सगळं पाण्यात. ट्रिस बफरही टाळा, तो जस्ताला धरून बसतो.

स्फटिक वाढवणे

अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम निवडण्याचं कारण म्हणजे ते हटकून स्फटिक देतं. पांढऱ्यातल्या प्रथिनांपैकी साडेतीन टक्क्यांच्या आसपास तेच असतं. १९४६ मध्येच मिठाच्या पाच टक्के प्रमाणात आणि पीएच ९.५ ला थेट पांढऱ्यातून त्याचे स्फटिक काढले गेले होते. हौस म्हणून बाजारातल्या अंड्यावर करून बघा, पण प्रकल्पासाठी रसायनाच्या दुकानातून शुद्ध पावडर मागवा.

०.१ मोलर सोडियम ॲसिटेटचं पीएच ४.६ चं बफर करा. त्यात मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम या प्रमाणात लायसोझाइम विरघळवा आणि ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा. गाळायचा कंटाळा केला तर धुळीचा प्रत्येक कण बीज होतो आणि रव्यासारखा बारीक चुरा मिळतो. त्याच बफरमध्ये १० टक्के मीठ विरघळवा, शुद्ध सोडियम क्लोराइड, आयोडीनचं मीठ नव्हे. दोन्ही द्रावणं १००-१०० मायक्रोलिटर छोट्या नळीत एकत्र करा, झाकण लावा आणि विसरून जा. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी चमकते कण दिसतील. कण फार आणि बारीक आले तर मिठाचं द्रावण ८ टक्क्यांवर आणा. पॅनवाल्यांच्या भाषेत बोलायचं तर रस जास्त आटवला की खोटा दाणा पडतो, तसंच इथे. आपल्याला ५० ते २०० मायक्रॉनचे, कडा धारदार असलेले थोडेच स्फटिक हवेत.

तापमान २० अंशांच्या आसपास स्थिर हवं. बेळगावची हवा यासाठी वर्षातले आठ महिने वरदान आहे. पण एप्रिल-मेच्या दुपारी प्रयोगशाळा तापते, आणि २५ अंशांच्या वर लायसोझाइम चतुष्कोणीऐवजी वेगळ्या, समचतुर्भुजी बांधणीत स्फटिक देऊ लागतं. पावसाळ्यात खानापूरकडे वीज गेली की फ्रीजही भरवशाचा नसतो. आम्ही मासळी बाजारातून थर्माकोलचा खोका आणला, त्यात पाण्यानं भरलेल्या चार बाटल्या ठेवल्या आणि मधे नळ्यांचं स्टँड. वीज सहा तास गेली तरी आतलं तापमान फार हलत नाही. खोका आधी चांगला धुवा, नाहीतर विभागप्रमुख विचारतील की प्रयोग बांगड्यावर चाललाय का.

स्फटिक पक्का करणे

हा टप्पा चुकला तर पुढचं सगळं व्यर्थ. या स्फटिकाला साध्या पाण्यात टाकलं की तो पाच मिनिटांत विरघळतो. त्याचे रेणू एकमेकांना बांधून घ्यायला ग्लुटराल्डिहाइड वापरतात. १९६४ मध्ये क्विओचो आणि रिचर्ड्स यांनी कार्बोक्सिपेप्टिडेजच्या स्फटिकांवर ही युक्ती केली, तेव्हापासून ती चालत आली आहे. नळीतलं वरचं द्रावण काढू नका, त्यातच स्फटिक सुखी आहेत. २५ टक्क्यांच्या बाटलीतून एवढं घाला की शेवटचं प्रमाण साधारण अडीच टक्के होईल, म्हणजे २०० मायक्रोलिटरला २२ मायक्रोलिटर. रात्रभर ठेवा. हातमोजे घाला, फ्यूम हूडखाली काम करा. हा वास नाका-डोळ्यांना झोंबतो.

सकाळी स्फटिक किंचित पिवळसर दिसतील. एक उचलून काचपट्टीवर शुद्ध पाण्याच्या थेंबात टाका आणि अर्धा तास बघत बसा. कडा तशाच राहिल्या तर पक्का झाला. गोल झाल्या, तर बाकीच्यांना आणखी चार तास द्या. ही परीक्षा प्रत्येक नळीसाठी वेगळी घ्या. "काल झालं होतं, आजही होईल" या भरवशावर माझ्या मुलांनी एक आख्खी तुकडी गमावली आहे.

इथे एक बारकावा आहे, त्यावर जरा थांबतो. लायसोझाइमवर धन भार जास्त असतो, म्हणून बीएसएसारखं ते जस्ताला मनापासून बोलावत नाही. ग्लुटराल्डिहाइड लायसिनच्या अमाइन गटांना जोडतं, त्यामुळे हा धन भार थोडा उतरतो. पण रेणूत लायसिन सहाच आणि आर्जिनिन अकरा. आर्जिनिन बहुतांशी तसेच राहतात. म्हणून कवच आपणहून एकसंध बसेल अशी आशा धरू नका. पुढच्या टप्प्यात जस्त आधी आणि वासे मागून, हा क्रम त्यासाठीच ठेवला आहे.

घर बदलणे

आता आम्ल आणि मीठ पूर्ण काढायचं. नळी उभी ठेवा, स्फटिक तळाशी बसू द्या, वरचं पाणी मायक्रोपिपेटनं काढा, नवं शुद्ध पाणी घाला. तांदूळ धुताना दाणा सांडू नये म्हणून जसा हात आडवा धरतो, तेवढीच काळजी. असं पाच-सहा वेळा. काढलेल्या पाण्याच्या थेंबात सिल्व्हर नायट्रेट टाका. पांढरट ढग आला तर क्लोराइड अजून आहे, पुन्हा धुवा. ढग येईनासा झाला म्हणजे आम्लही जवळपास गेलं असं धरायला हरकत नाही.

कवच

स्फटिक ४० मिलिमोलर झिंक ॲसिटेटच्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये तासभर मुरू द्या. लायसोझाइमच्या स्फटिकातल्या वाटा एक ते अडीच नॅनोमीटरच्या आहेत, जस्ताला त्यातून जाणं अवघड नाही. मग वरचं बरंचसं द्रावण काढा, स्फटिक जेमतेम ओले राहतील एवढं ठेवा, आणि १६० मिलिमोलर टू-मिथाइलइमिडॅझोल अर्धा मिलिलिटर नळीच्या भिंतीवरून सोडा. आत मुरलेलं जस्त बाहेर येतं, वासे बाहेरून येतात, आणि दोघांची गाठ स्फटिकाच्या पृष्ठभागाजवळ पडते. पाच मिनिटांनी त्यात ४० मिलिमोलर झिंक ॲसिटेटचं अर्धा मिलिलिटर घाला.

चुंबकीय ढवळणी वापरू नका, ती स्फटिकांचं पीठ करते. नळी दर अर्ध्या तासानं एकदा आडवी करून सरळ करा. द्रावण हळूहळू धुरकट होईल. तो धूर म्हणजे स्फटिकाला न चिकटता पाण्यातच सुटं धरलेलं झिफ. ते थोडं होणारच. चार तासांनी स्फटिक तळाला बसू द्या आणि वरचं धुरकट पाणी ओतून टाका. सुटं झिफ मायक्रॉनच्या आतबाहेरचं असतं, लवकर बसत नाही. आपले स्फटिक त्याच्या शंभरपट मोठे, ते मिनिटात तळ गाठतात. वेगळं करायला यापेक्षा सोपी सोय नाही. पाण्यानं दोनदा धुवा आणि जस्त-वासे ही जोडी पुन्हा दोनदा करा. एका थरात भेगा राहतात, तीन थरांत बऱ्याच बुजतात.

वाशांचं प्रमाण वाढवून काम लवकर उरकायचा मोह होईल. पाण्यात जस्ताच्या मानानं वासे खूप जास्त घेतले, सत्तरपटीपर्यंत, तर निव्वळ झिफ-८ झटपट मिळतं हे खरं. पण तेव्हा बहुतेक सगळं द्रावणातच धरतं आणि स्फटिक कोरडाच राहतो. उलट आपल्या प्रमाणात, म्हणजे चार वाशांना एक जस्त, दोघं वेगळ्याच बांधण्यांतही बसू शकतात. म्हणून शेवटी एकदा इथेनॉलनं धुवायचं, त्यानं अर्धवट रूपं झिफ-८ च्या नेहमीच्या, सोडालाइट बांधणीकडे वळायला मदत होते. पक्का केलेला स्फटिक इथेनॉल सोसतो. न पक्का केलेला तडकतो.

खरंच झालं का?

प्रकल्पात गुण इथे मिळतात आणि बहुतेक मुलं इथेच घाई करतात. एका वेळी चार नमुने शेजारी ठेवा: कवच चढवलेले स्फटिक, नुसते पक्के केलेले स्फटिक, नुसतं झिफ, आणि नुसते स्फटिक व नुसतं झिफ यांचं हातानं केलेलं मिश्रण. हा चौथा नमुना कोणी करत नाही. पण तुमचा पदार्थ आणि ते मिश्रण यांत फरक दाखवता आला नाही, तर कवच आहे असं म्हणता येत नाही.

पहिली तपासणी फुकटची. जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरून पोलरॉइडचे दोन तुकडे काढा. एक सूक्ष्मदर्शकाच्या दिव्यावर, दुसरा नेत्रिकेवर, एकमेकांशी आडवे, म्हणजे सगळं काळं दिसेल. झिफ-८ घनाकृती बांधणीचं, ते काळंच राहतं. लायसोझाइमचा चतुष्कोणी स्फटिक मात्र उजळतो, आणि फिरवला की उजळतो-विझतो. कवच चढवल्यावरही तो उजळत असेल, तर आतली मांडणी शाबूत आहे. चौपट अक्षाच्या, म्हणजे ज्याभोवती पाव फेरी फिरवला तरी स्फटिक तसाच दिसतो त्या अक्षाच्या, दिशेनं पाहिलं तर तोही काळा दिसतो, म्हणून एकदा लोळवून दुसऱ्या बाजूनं बघा, मगच निकाल लावा. हे ओला असतानाच करायचं.

दुसरी तपासणी मिथिलिन ब्लूची. त्याचा रेणू झिफच्या खिडकीतून जाऊ शकत नाही, पण लायसोझाइमच्या स्फटिकात सहज शिरतो. नुसता स्फटिक आणि कवचाचा स्फटिक एकाच पातळ निळ्या द्रावणात शेजारी ठेवा. नुसता निळा झाला, कवचाचा फिका राहिला, तर कवच एकसंध. कवचाच्या स्फटिकात एका कडेनं निळी रेघ शिरताना दिसली, तर भेग तिथे आहे. मला या तपासणीचं फार कौतुक आहे, कारण ती दोष कुठे आहे तेही दाखवते.

मग यंत्रं. पुणे-बंगळूर महामार्गावर एका बाजूला कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, दोन्हीकडे उपकरण केंद्रं आहेत. आधी फोन करून वेळ आणि शुल्क विचारा, मगच निघा. पावडर विवर्तनात झिफ-८ ची ठळक शिखरं तांब्याच्या क्ष-किरणांना ७.३, १०.४, १२.७ आणि १८ अंशांजवळ येतात. लायसोझाइमच्या स्फटिकाचा घटककोष, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा मांडणीचा ठोकळा, सुमारे ७९ गुणिले ७९ गुणिले ३८ अँगस्ट्रॉमचा, त्याचं पहिलं शिखर दोन अंशांच्याही खाली पडतं. बहुतेक यंत्रं पाच अंशांपासून मोजायला लागतात आणि नमुना तर सुकलेला असतो. तेव्हा "प्रथिनाचं शिखर दिसलं नाही, म्हणजे प्रथिन गेलं" असं अहवालात लिहू नका. प्रथिनासाठी अवरक्त वर्णपट घ्या. प्रति सेंटिमीटर १६५० आणि १५४० च्या आसपासचे दोन पट्टे प्रथिनाचे, ४२१ च्या जवळचा जस्त-नायट्रोजन बंधाचा.

जिवाणूंच्या गढूळपणावरून लायसोझाइमची क्रिया मोजायची पद्धत पुस्तकात असते. ती इथे लावू नका. अख्खा जिवाणू झिफच्या खिडकीतून कसा जाईल? क्रिया शून्य येईल आणि तुम्ही एन्झाइम मेलं म्हणून रडाल.

सगळ्यात शेवटी कवच काढून बघा. पीएच ७.५ चं ५० मिलिमोलर ईडीटीए घाला. ते जस्त खेचून घेतं आणि कवच विरघळतं. खाली कडा धारदार असलेला, पोलरॉइडखाली उजळणारा स्फटिक उरला, तर तुम्ही केलेला पदार्थ संकर होता, चुरा नव्हता. हे काढतानाचे फोटो दर पाच मिनिटांनी घ्या, तोंडी परीक्षेला तेच कामी येतात.

उरलेले कवचाचे स्फटिक इथेनॉलमध्ये ठेवा. पाण्यात बरेच दिवस राहिलं तर झिफ हळूहळू झिजतं. जस्ताचं आणि टू-मिथाइलइमिडॅझोलचं धुवण बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवा. ग्लुटराल्डिहाइडची बाटली त्याहून वेगळी, आणि प्रत्येकीवर मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत नाव लिहा. आमच्याकडे प्रयोगशाळा आवरणाऱ्या मावशींना कन्नडच वाचता येतं.